मी सांगितलेला शेवटचा भाग

सासूबाईंना मी एका मालिकेचा शेवट खोटा सांगितला. ही गोष्ट मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही; नवऱ्यालाही अर्धीच माहीत आहे. ऐकणाऱ्याला हसू यावं इतकी ती वरून लहान दिसते. मालिका ती काय आणि तिचा शेवट तो काय. पण दोन वर्षं होत आली तरी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला शेजारच्या फ्लॅटमधून कुठल्याही मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं की माझे कान गरम होतात.

आम्ही मनीषनगरात राहतो. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्याआधीची तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत काढली होती. सासरे तिथे बॉयलरवर होते. दोरीवर वाळत घातलेला पांढरा कपडा तिथे संध्याकाळपर्यंत राखेनं करडा व्हायचा, म्हणून सासूबाईंनी पांढरं नेसणंच सोडलं होतं. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्याकडून एक पांढरी, निळ्या काठाची सुती साडी आणवली, ती गॅलरीत स्वतःच्या हातानं वाळत घातली आणि दुपारभर तिच्याकडे बघत बसल्या. तेव्हा त्यांना दिसत होतं.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार त्यानंतर तीन वर्षांनी निघाला. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण नजर हळूहळू जातच राहिली. त्यांना काठाकाठाचं दिसायचं, मधलं नाही. "माणूस समोर बसला तर त्याचे कान दिसते मले," त्या म्हणायच्या, "तोंड नाही दिसत." घरात त्या भिंतीचा आधार घेऊन व्यवस्थित फिरायच्या, चहा स्वतः ओतून घ्यायच्या. फक्त कुणाचा चेहरा आणि टीव्हीचा पडदा, या दोन गोष्टी त्यांच्या हातून गेल्या.

टीव्हीवर त्या एकच मालिका बघायच्या. आजारपणाच्या आधीपासून बघत होत्या, त्यामुळे त्यातली माणसं कशी दिसतात हे त्यांना ठाऊक होतं. दोन बहिणींची गोष्ट होती. थोरली बहीण एका लहान गावात खानावळ चालवते, तिनंच आईविना धाकटीला वाढवलेलं असतं. धाकटीचं मोठ्या घरात लग्न होतं, पुढे काही गैरसमज होतात आणि दोघी बोलेनाशा होतात. जवळजवळच्या गावांत राहून दोघींनी एकमेकींचं तोंड बघायचं नाही, यावर लेखकांनी अडीच वर्षं काढली होती. मी त्या मालिकेला घरात उघड नावं ठेवायची. मी कथा लिहिते, दोन संग्रह आहेत, एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. मालिकांवर हसायचा आपल्याला हक्कच आहे, असं मला वाटायचं.

पण नजर गेल्यावर सासूबाईंना कुणीतरी सांगणारं लागलं. मालिकेत अर्धा वेळ कुणी बोलतच नाही. नुसते एकमेकांकडे बघतात आणि मागे वाद्यं वाजत राहतात. वाद्यं सुरू झाली की सासूबाई माझ्याकडे मान वळवायच्या.

"आता काहून चूप झाले वं सारे?"

"थोरली दाराकडे बघते आहे."

"दारात कोण हाये?"

"धाकटीचा नवरा."

"तोंड कसं हाये त्याचं?"

"पडलेलं."

"पडलंच पाह्यजे," त्या समाधानानं म्हणायच्या.

सुरुवातीला मी वह्या तपासता तपासता तुटक सांगायची. मग कधी वह्या बाजूला राहू लागल्या, कळलं नाही. मी सांगायची आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "तू सांगतली का मले दिसते." माझ्या दोन्ही पुस्तकांवर मिळून जेवढं कुणी बोललं असेल, त्यापेक्षा मला ते वाक्य मोठं वाटलं होतं. मी ते मैत्रिणींना सांगत फिरले.

आणि खरं सांगायचं तर तिथूनच माझं घसरणं सुरू झालं असणार. मी बारीक बारीक भर घालायला लागले. थोरलीच्या साडीचा रंग मी बदलायची, कारण पडद्यावरचा मला आवडायचा नाही. एखाद्या प्रसंगात कुणी रडत नसलं तरी मी डोळ्यांत पाणी आलं म्हणायची, कारण वाद्यं तशी वाजत होती आणि सासूबाई वाट बघत होत्या. त्यात मला काही गैर वाटलं नाही. उलट मी मालिका सुधारते आहे, असंच वाटायचं.

आता सासूबाईंच्या स्वतःच्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण ते माहीत असूनही मी जे केलं ते केलं. सासूबाईंचं माहेर खाप्याचं. त्यांची धाकटी बहीण, आमच्या मावशी, लग्नानंतरही खाप्यातच राहिली. आईचं सगळं त्यांनीच केलं. माझा नवरा दहावीला होता त्या वर्षी या दोघींची आई आजारी पडली. कोराडीच्या कॉलनीत एका घरी फोन होता, तिथे जाऊन सासूबाईंनी खाप्याला फोन लावला. मावशी म्हणाल्या, आई बरी आहे, पोराची परीक्षा होऊ दे, घाई करू नको. सासूबाईंनी विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी निरोप आला. सावनेरला बस बदलून त्या पोचल्या, तोवर कन्हान नदीच्या काठावर सगळं उरकलं होतं.

"माह्या तोंडावर तिनं खोटं सांगतलं," सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या आणि त्यांचा हात थांबला नव्हता. "बरी हाये म्हणे. बरी होती तर मेली काहून?"

त्यानंतर दोघी बहिणी लग्नाकार्यात भेटायच्या, पण वेगवेगळ्या पंगतीला बसायच्या. बोलल्या नाहीत. तीस वर्षांहून जास्त झाली.

मालिकेचा शेवटचा भाग एका रविवारी संध्याकाळी सात ते साडेआठ होता. आठवडाभर त्याची जाहिरात चालली होती. आमच्या घरी कामाला येणारी बाईसुद्धा त्यावर बोलत होती. सासूबाईंनी शुक्रवारपासून तयारी धरली होती. रविवारी सहाच्या आत स्वयंपाक आटोपायचा, असं मला दोनदा बजावलं होतं. आणि शनिवारी त्यांना ताप आला. रविवारी दुपारी डॉक्टरांच्या गोळीनं घाम फुटला आणि त्यांना ग्लानी यायला लागली. नवरा कंपनीच्या कामानं पुण्याला गेला होता. साडेसहाला त्या मला म्हणाल्या, "मले जागं राहवत नाही वं. तू पाह्यजो. अन् सकाळी मले सारं सांगजो. काही सोडू नको."

"सगळं सांगते," मी म्हटलं.

सातला मी टीव्ही लावला. पाच मिनिटांत फोन आला. एका कथास्पर्धेच्या परीक्षक मंडळात मी होते आणि दुसऱ्या परीक्षकांचा तो फोन होता. मी टीव्हीचा आवाज बंद केला. आम्ही दोघांनी तासाहून जास्त वेळ त्या कथांवर बोलून काढला. मला आठवतं, मी बरंच काही ऐटीत बोलत होते. नवीन मुलांना शेवट जमत नाही, शेवट वाचकाला फसवतो, शेवट कथेतूनच यायला हवा, वगैरे. बोलताना अधूनमधून पडद्याकडे नजर जात होती. थोरली कुठेतरी बसमध्ये बसलेली दिसली. मग जाहिराती होत्या. मग एक मोठं लोखंडी फाटक दिसलं. फोन ठेवला तेव्हा पडद्यावर दुसराच कार्यक्रम सुरू झाला होता.

तो भाग मोबाइलवर बघता येतो, हे मला माहीत होतं. सासूबाई झोपल्या होत्या, माझ्यापुढे काही काम नव्हतं. मी बघितला नाही. दीड तास कोण घालवणार, असं वाटलं. दीड वर्ष रोज ती मालिका सांगितली होती, तिचा शेवट मला कळत नाही का, असंही वाटलं. हे दुसरं वाटणं जास्त वाईट होतं.

सकाळी सासूबाईंचा ताप उतरला होता. चहाचा कप हातात दिल्यावर त्या उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "हं. सांग."

मी सांगायला लागले. पहिलं वाक्य बोलेपर्यंत पुढे काय सांगायचं, हे मलाही माहीत नव्हतं. मग ते सुचत गेलं. मी सांगितलं की दुपारची वेळ आहे, खानावळ रिकामी झाली आहे, थोरली टेबलं पुसते आहे. तेवढ्यात धाकटी येते. काही न बोलता कोपऱ्यातल्या टेबलापाशी एखाद्या गिऱ्हाइकासारखी बसते. थोरली तिच्याकडे बघत नाही. आत जाते, ताट वाढून आणते, समोर ठेवते. धाकटी पहिला घास घेते आणि तिला रडू कोसळतं. थोरली विचारते, "मीठ कमी आहे का?"

"अन् मंग?" सासूबाईंनी विचारलं. कप त्यांच्या हातात तसाच होता.

"मग काही नाही. थोरली तिच्या शेजारी बसते. दोघी एकाच ताटात जेवतात. संपतं."

"माफी कोणं मांगतली?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "मागायची वेळच येत नाही."

सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदरानं ते पुसले नाहीत, तशाच बसून राहिल्या. आणि मला, हे लिहायला जड जातं, पण मला आनंद झाला. आपला शेवट लागू पडला म्हणून आनंद झाला. मूळ लेखकांना हे सुचलं नसतं, असंही मनात येऊन गेलं.

नऊ वाजता कामाची बाई आली. ती तो भाग बघून आली असणार, हे तेव्हा मला आठवलं. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात म्हटलं, "आईंजवळ मालिकेचं काही बोलू नका. त्यांना बरं नाहीये."

तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं. "बरं ताई," ती म्हणाली आणि नळ सोडला. पण ती मला पूर्ण ओळखून गेली, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि ते बरोबरच होतं.

बुधवारी दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा सासूबाई दिवाणावर पांढरी साडी नेसून, केस विंचरून बसलेल्या होत्या. म्हणाल्या, "खाप्याले फोन लाव."

मला आधी समजलंच नाही. "कुणाला?"

"खाप्याले कोण हाये माही? धाकटी हाये. लाव. आवाज मोठा करजो, मले तो फोन कानाले धरता येत नाही."

मावशींचा नंबर नवऱ्याच्या वहीत होता. तो मी शोधून आणला. मी नंबर लावला, मोबाइलचा स्पीकर सुरू केला आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला. मी तिथून जायला हवं होतं. फोन बंद करायची वेळ आली तर, असं म्हणून मी थांबले.

"हॅलो, कोण बोलून राहिलं?" मावशींचा आवाज आला.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "कोराडीची."

तिकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग मावशी म्हणाल्या, "काय झालं? कोणाले काही झालं काय?"

"कोणाले काही नाही झालं. सहजच लावला." सासूबाई एकेक शब्द जपून ठेवावा तशा बोलत होत्या. "ते खानावळवाली पाहत होती काय तू? दोघी बहिणीची?"

"पाहत होती ना. संपली रविवारी."

"हाव. संपली. मीही पाह्यली. म्हणून लावला फोन." त्या थांबल्या. "कशी येऊन बसली ना धाकटी ताटावर. कोणी माफी मांगतली नाही, काही नाही. मी म्हटलं, आपणही दोघी म्हाताऱ्या झालो. माफीगिफीचं ठेव बाजूले. बोलून तरी घेऊ."

"कोण येऊन बसली?" मावशींनी विचारलं.

"धाकटी. खानावळीत."

"नाही वं. धाकटी कोठी आली? थोरली गेली होती तिच्या घरी डबा घेऊन. फाटकाले कुलूप होतं. ते लोकं गाव सोडून गेले होते. भेट झालीच नाही त्याईची. तू काय पाह्यलं?"

मी दाराला टेकून उभी होते. सासूबाईंचा हात मांडीवर मोबाइलच्या शेजारी होता, तो त्यांनी उचलला आणि परत तिथेच ठेवला. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. एरवी काही अडलं की त्या आधी माझ्याकडे मान वळवायच्या.

"असन," त्या म्हणाल्या. "मले आता बरोबर दिसत नाही. ताप होता त्या दिवशी. माह्यंच ऐकण्यात चुकलं असन."

तेव्हाच मी पुढे होऊन बोलायला हवं होतं. "मावशी, चूक माझी आहे," एवढं म्हणायला काय लागतं? मी बोलले नाही. माझ्या समोर माझ्या सासूनं माझा खोटेपणा स्वतःच्या अंगावर घेतला आणि मी दाराची कडी धरून उभी राहिले.

"दिसत नाही म्हणजे?" मावशी विचारत होत्या. "किती दिसते?"

"कडेकडेचं दिसते."

"मले कोणी सांगतलं नाही. मोतीबिंदू हाये म्हणे एवढंच समजलं होतं."

मग त्या डोळ्यांवर बोलल्या. कुठला डॉक्टर, इंजेक्शन डोळ्यातच देतात काय, दुखतं काय. पाच-सात मिनिटं झाली असतील. "ठेवतो मंग" असं मावशी म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

"ठेवला काय तिनं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"बरं. चहा मांड."

मी चहा मांडला. पाणी उकळून अर्धं आटलं, तरी पत्ती टाकायची मला सुचली नाही. कप घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी मी..."

त्यांनी कपाची दांडी बोटांनी शोधली. घोट घेतला. मग शांतपणे म्हणाल्या, "तुह्यावालं चांगलं होतं. मी त्याच्यावर फोन लावला ना."

त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसतं काय झालं ते सांगत होत्या. माझ्या ताट-वाढण्यावर, त्या मिठाच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून एका बाईनं तीस वर्षांचं न बोलणं मोडलं होतं आणि पलीकडून तिला सांगण्यात आलं होतं की तसं काही घडलेलं नाही. मावशी तेव्हा खोटं बोलल्या त्यामागे निदान पोराच्या परीक्षेची काळजी होती. माझ्याकडे तेवढंही नव्हतं. मी फोनवर कथांच्या शेवटांबद्दल भाषण देत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "मोबाइलवर दिसते म्हणे तो भाग. लाव. अन् सांग. मनाचं नको घालू."

दीड तासाचा तो भाग आम्ही दोघींनी दोन दुपारी मिळून बघितला. थोरली पहाटे उठून धाकटीच्या आवडीची भरली वांगी करते, डबा घेऊन बसनं जाते. फाटकाला कुलूप असतं. रखवालदार सांगतो, साहेबांची बदली झाली, परवाच सामान गेलं. ती विचारते, पत्ता आहे का? तो नाही म्हणतो. ती डबा त्याच्या हातात देते, "खाऊन घ्या, गरम आहे," म्हणते आणि पायरीवर थोडा वेळ बसते. मग परत येते. खानावळीसमोर गिऱ्हाइकं उभी असतात. ती पदर खोचते आणि गॅस पेटवते.

पायरीचं ते दृश्य फार लांब होतं. वाद्यंही वाजत नव्हती. सासूबाईंनी विचारलं, "आता काय करून राहिली ते?"

"बसली आहे."

"रडून राहिली काय?"

माझ्या जिभेवर "हो" आलं होतं. "नाही," मी म्हटलं.

"मंग काय हाये तोंडावर?"

मी खूप वेळ त्या नटीच्या चेहऱ्याकडे बघितलं. "मला सांगता येत नाहीये आई," मी म्हटलं. त्या "हं" म्हणाल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना असं पहिल्यांदाच सांगत होते.

लोक त्या शेवटावर चिडले होते. आमच्या इमारतीतल्या बायका म्हणत होत्या, भेटवायचंच नव्हतं तर अडीच वर्षं ताणलं कशाला. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. कामाच्या बाईला मात्र तो आवडला होता. मी तिच्यावरची बंदी उठवली तेव्हा ती सासूबाईंना म्हणाली, "आजी, तिची खानावळ तर चालू राहिली ना. अजून काय पाह्यजे?" सासूबाई त्यावर हसल्या. मी वर्गात ज्या गोष्टी तासभर समजावते त्या तिनं भांडी घासता घासता एका दमात सांगितल्या होत्या, आणि हिलाच मी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

पुढच्या महिन्यात सासूबाईंच्या हट्टानं नवरा आम्हाला खाप्याला घेऊन गेला. माझी जायची हिंमत नव्हती, पण नाही कसं म्हणणार. मावशी दारात उभ्या होत्या. कुणी गळ्यात पडलं नाही. मावशींनी सासूबाईंचा हात धरून त्यांना खाटेवर बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांकडे जवळून बघितलं. "वरून तर काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

पाणी पिऊन झाल्याबरोबर सासूबाईंनी विचारलं, "तू मले तेव्हा खोटं काहून सांगतलं?"

मावशींना हा प्रश्न अपेक्षित असावा. "पोराची परीक्षा होती तुह्या."

"परीक्षेचं मी पाह्यलं असतं."

"मले काय माहीत होतं आई तिसऱ्या दिवशी जाईन?"

"बरी नव्हती हे तर माहीत होतं."

मावशींनी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. "हाव," त्या म्हणाल्या. "ते माहीत होतं."

एवढंच. नवरा, ज्याच्या परीक्षेचा हा विषय होता, तो अंगणात जाऊन उभा राहिला. मी दोघींच्या समोर पाटावर बसले होते आणि माझी मान वर होत नव्हती. सासूबाईंनी माझ्या गोष्टीबद्दल तिथेही एक अक्षर काढलं नाही. मावशी जेवताना सहज म्हणाल्या, "त्या दिवशी तुले काही भलतंच ऐकू आलं होतं वं." सासूबाई म्हणाल्या, "तापात होती मी." आणि वरणभात कालवायला लागल्या. मी दुसऱ्यांदा गप्प बसले.

त्यानंतर घरात काही बदललं, ते कुणाला सांगून कळणार नाही. सासूबाई माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलतात. पण सकाळची गोळी मी हातावर ठेवली की ती न गिळता त्या आधी कामाच्या बाईला दाखवून विचारतात, "पिवळीच हाये ना वं?" गॅलरीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्या असं मी सांगितलं, तर त्या स्वतः जाऊन बोटांनी चाचपून येतात. मुद्दाम करत नाहीत. त्यांची सवय झाली आहे. मी कॉलेजात मुलांना कथा लिहायला लावते तेव्हा मला हे आठवतं आणि फळ्याकडे वळून मी थोडा वेळ उगाच काहीतरी लिहीत राहते.

तीन महिन्यांनी त्याच वेळेला नवी मालिका सुरू झाली. पहिल्या दिवशी मी वह्या बाजूला ठेवून सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्या मांडीवर माझ्या नवऱ्यानं त्यांना घेऊन दिलेला मोबाइल होता, आवाज मोठा केलेला, आणि त्यातून मावशी बोलत होत्या. तिकडे खाप्याला मावशींनीही टीव्ही लावला होता. दोन्हीकडचा आवाज एकात एक मिसळत होता. मावशी वाईट सांगतात. माणसांची गल्लत करतात, मधेच दूध उतू गेलं म्हणून उठून जातात, परत येऊन म्हणतात, "काही झालं नाही, अजून तेथीच उभी हाये."

"तोंड कसं हाये तिचं?" सासूबाई विचारतात.

"आता काय सांगू तुले. जसं असते तसं हाये."

सासूबाईंना तेवढं पुरतं. त्या डोळे मिटून ऐकत राहतात.

मधे एकदा मावशींकडे वीज गेली होती आणि फोन आला नाही. मी म्हटलं, "आई, आज मी सांगू का?"

"असू दे," त्या म्हणाल्या. "उद्या धाकटी सांगन मले."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळायला घेतली. बाहेर टीव्हीचा आवाज होता, मधे मधे नुसती वाद्यं वाजत होती, आणि त्या वेळात सासूबाई काही विचारत नव्हत्या.